भुईचाफ्याची निगा

सोलापुरात फुलझाडांविषयी बोलावयास बसणे हे थोडेसे धाडसाचेच काम आहे. नळास चार-चार दिवसांआड पाणी येण्याचे दिवस आपणांस नवे नाहीत. अशा गावी एखाद्याने गुलाबाची किंवा मोगऱ्याची थोरवी सांगू लागावे आणि ऐकणाऱ्याने मनात म्हणावे, "अहो, आधी पिण्यापुरते तरी मिळू द्या!" हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आज मी एका अशा फुलझाडाची माहिती देणार आहे की, ज्यास वर्षातून चार महिने पाण्याचा थेंबही लागत नाही. लागत नाही एवढेच नव्हे, तर त्या चार महिन्यांत पाणी दिले असता ते मरून जाते. या झाडाचे नाव भुईचाफा.

कोकणातील माणसांस हे नाव अपरिचित नाही. तिकडे विहिरीच्या काठाशी किंवा माडाच्या आळ्याच्या कडेला त्याचा एखादा ताटवा पुष्कळ घरी असे. आपल्याकडे घाटावर मात्र तो क्वचितच दिसतो, आणि ज्यांनी तो पाहिला नाही त्यांस त्याचे वर्णन सांगितले तर ते खरे वाटत नाही. चैत्राचे दिवस असतात. कुंडीत किंवा वाफ्यात कोरड्या मातीखेरीज काही नसते. पान नाही, खोड नाही, वाळकी काडीदेखील नाही. एके दिवशी सकाळी मातीस लहानशी चीर पडलेली दिसते आणि तीतून जांभळट रंगाचे टोक वर आलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या टोकाशेजारी, जमिनीस जवळजवळ चिकटून, दोन इंच रुंदीचे पांढरे आणि जांभळे फूल उमललेले असते. त्याचा सुवास घ्यावयाचा तर खाली बसावे लागते. सोनटक्क्याच्या वासाशी त्या वासाचे नाते आहे, पण हा अधिक सौम्य आहे. डोके धरणारा नाही.

नावात चाफा असला तरी सोनचाफ्याशी त्याचा काही संबंध नाही. खरे पाहता आपल्या लोकांनी चाफा हे नाव वासावरूनच वाटलेले दिसते. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, खुरचाफा कण्हेरीच्या, नागचाफा उंडीच्या, आणि आपला भुईचाफा आले-हळदीच्या कुळातला. एकाच आडनावाची माणसे एका वाड्यात राहतात म्हणून ती भाऊबंद असतातच असे नाही, तसाच हा प्रकार आहे. परंतु भुईचाफ्याचे खरे कूळ लक्षात ठेवणे फार उपयोगाचे आहे. त्याची निगा राखताना जेव्हा जेव्हा मनात शंका येते तेव्हा "हळदीस या वेळी काय करतात?" एवढे विचारावे; उत्तर बहुधा बरोबर येते.

फुलाची रचनाही या कुळास साजेशीच आहे. आपण ज्यांस पाकळ्या समजतो त्या त्याच्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या तीन. त्या अरुंद, पांढऱ्या आणि मागे लपलेल्या असतात. वरच्या अंगास उभे राहणारे दोन रुंद पांढरे भाग, आणि खाली पसरलेला, मध्ये खोलवर चिरलेला जांभळा ओठ, हे सर्व मुळात पुंकेसर होत. त्यांनी पराग करण्याचे काम सोडून पाकळ्यांचे काम पत्करले आहे. पराग देणारा पुंकेसर एकच उरतो, आणि त्याच्या दोन कप्प्यांमधून स्त्रीकेसराचा बारीक दोरा वर येतो. घरातील मुलांस एक फूल भिंगाखाली उघडून दाखवावे. त्या दिवशी शाळेच्या पुस्तकातील आकृतीहून अधिक काही त्यांच्या पदरी पडेल.

वनस्पतिशास्त्रात याचे नाव केम्फेरिया रोटुंडा. यातील पहिला शब्द एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या नावावरून आला. हा गृहस्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत जपानात होता. १७५३ मध्ये लिनिअसने आपल्या ग्रंथात हे नाव नोंदले. परंतु त्यापूर्वीच हे झाड आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून युरोपात चित्ररूपाने जाऊन पोहोचले होते. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'होर्तुस मलबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे छापला गेला, आणि त्यात हे झाड मलबारी भाषेतील 'मलन कुवा' या नावाने आले आहे. या ग्रंथाच्या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे साहाय्य होते, आणि त्यांनी १६७५ मध्ये दिलेली ग्वाही पहिल्या खंडात नागरी लिपीत छापली आहे. परदेशी छापखान्यात इतक्या जुन्या काळी नागरी अक्षरे उमटली, ती एका वनस्पतीच्या पुस्तकासाठी, ही गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे.

असो. आता मुख्य विषयाकडे वळू. भुईचाफ्याच्या निगेतील सारे मर्म त्याच्या झोपेत आहे. त्याचे वर्ष तीन भागांचे असते. चैत्र-वैशाखात फूल; ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत पाने; आणि मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत काहीच नाही. या शेवटच्या काळात झाड मेलेले नसते, झोपलेले असते. जमिनीखाली त्याचा आखूड, गाठाळ कंद असतो. कंदापासून निघालेल्या मुळांच्या टोकांशी बोरापेक्षा थोड्या मोठ्या, लांबट गाठी असतात. पावसाळ्यात पानांनी जे अन्न तयार केले ते आणि पाणी या गाठींत साठविलेले असते, आणि त्या शिलकीवरच पुढच्या चैत्रात पानांवाचून, पावसावाचून फूल येते. पळस आणि पांगारा पर्णहीन असताना फुलतात हे आपण पाहतो; भुईचाफा तेच करतो, फक्त जमिनीच्या पातळीवर. इंग्रजीत यास रिसरेक्शन लिली, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणारी लिली, असे म्हणतात. नाव ठीक आहे, परंतु त्याने समजूत चुकीची होते. जे मेलेच नाही ते उठेल कसे?

ही झोप न ओळखल्यामुळे माझ्या हातून जे झाले ते सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी कोकणातील माझ्या थोरल्या बहिणीने, आम्ही तिला अक्का म्हणत असू, तिच्या परसातील दोन कंद मला दिले. एक मी कुंडीत लावला. पावसाळ्यात पाने उत्तम आली. मार्गशीर्षात ती पिवळी पडली तशी मला चिंता वाटू लागली. पाणी कमी पडत असेल अशा समजुतीने मी रोज दोन तांबे घालू लागलो. पाने पडली तरी पाणी चालूच. फेब्रुवारीत माती उकरून पाहिली तो कंदाच्या जागी काळा चिखल होता आणि त्यास घाण येत होती. दुसरा कंद दुसऱ्या कुंडीत होता. त्यास पाणी न घालण्याइतका शहाणपणा मला पुढील वर्षी आला. परंतु ती कुंडी रिकामी पाहून आमच्या घरातून तीत कोथिंबीर टाकण्यात आली. कोथिंबीर फार चांगली उगवली, आणि तिला रोज पाणी मिळाले. यात दोष मी कोणास देऊ? कुंडीत काही आहे हे मी सांगितले नव्हते आणि वरून तर दिसत नव्हते.

तेव्हापासून भुईचाफ्याच्या प्रत्येक कुंडीत मी कडेला एक मोठे खापर उभे रोवतो आणि त्यावर चुन्याने 'झोपला आहे' असे लिहितो. पाहुणे हसतात. हसोत.

मी पुन्हा अक्काकडे कंद मागितले तेव्हा तिने चार पाठविले. आज माझ्याकडे जे आहे ते सर्व त्या चारांपासून झालेले आहे. अक्का आता नाही, ते घरही नाही. जेथे ताटवा होता तेथे दुसऱ्या मालकाची फरसबंदी आहे. ही गोष्ट केवळ घरगुती म्हणून सांगत नाही. आपल्या बागांतून या झाडास बी धरलेले मी एवढ्या वर्षांत एकदाही पाहिले नाही. ते वाढते ते कंदाच्या तुकड्यांनीच. म्हणजे एका घरचा भुईचाफा हा दुसऱ्या कोणत्या तरी घरच्या भुईचाफ्याचा प्रत्यक्ष तुकडा असतो, आणि ज्याने दुसऱ्यास दिला नाही त्याच्या घरचा गेला की तो कायमचा गेला.

आता लागवडीविषयी. पहिली अडचण आपल्या मातीची आहे. सोलापूरची काळी जमीन पाणी धरून ठेवते. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी ज्वारी हिवाळ्यात पावसावाचून पिकते ती याच गुणावर. परंतु जो गुण ज्वारीस तारक तोच भुईचाफ्यास मारक आहे. ऑक्टोबरात मुरलेली ओल काळ्या जमिनीत डिसेंबरातही खाली टिकून राहते, आणि झोपलेला कंद त्या ओलीत कुजतो. शिवाय उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते आणि मुळांच्या गाठी त्या भेगांत तुटतात. म्हणून अंगणात काळी माती असेल तर तीत लावू नये. दहा-बारा इंच तोंडाची मातीची कुंडी घ्यावी. तळाच्या भोकावर खापऱ्या पालथ्या ठेवाव्यात. त्यावर दोन भाग तांबडी माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण भरावे. शेणखत ताजे असता कामा नये. कंद दोन इंच खोल, डोळे वर करून ठेवावेत. चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या कुंड्या दिसावयास सुबक असल्या तरी त्यांच्या भिंतींतून ओल बाहेर पडत नाही. या झाडापुरती तरी साधी भाजकी कुंडीच बरी.

जागा अशी निवडावी की सकाळचे कोवळे ऊन दोन तास मिळेल आणि दुपारचे मुळीच लागणार नाही. लिंबाच्या झाडाची विरळ सावली किंवा पूर्वेकडील ओसरी याकरिता उत्तम. आणखी एक गोष्ट इकडच्या अनुभवाची आहे आणि ती कोकणातील माणूस सांगू शकणार नाही. आपल्याकडे आषाढात आभाळ भरून येते, पाऊस मात्र येत नाही. येतो तो नुसता वारा. या वाऱ्याने कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या होतात. पश्चिमेच्या बाजूस भिंतीचा किंवा दुसऱ्या कुंड्यांचा आडोसा असलाच पाहिजे.

कोकणात सव्वाशे इंच पाऊस पडतो तेथले हे झाड, आणि आपल्याकडे वर्षाचा पाऊस बावीस इंचांच्या आसपास. मग ते येथे जगते कसे, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर असे की, पाण्याच्या राशीपेक्षा पाण्याचा काळ त्यास अधिक महत्त्वाचा आहे. कोकणातही डिसेंबरपासून मेपर्यंत पाऊस नसतोच. कोरड्या महिन्यांत झोपावयाचे हा त्याचा नेम सोलापूरच्या हवेस उलट अधिकच मानवतो. उणीव आहे ती जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांची, आणि ती आपण भरून काढावयाची. पाने वर आली की कुंडीस एक दिवसाआड एक तांब्या पाणी पुरते. वारा फार असेल तर रोज. भाजी आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे चालत नाही. सप्टेंबरात आपल्याकडे खरा पाऊस येतो तेव्हा हात आखडता घ्यावा. बोअरचे जड पाणी सतत घातल्यास मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांची टोके करपतात. ज्यांच्या घरास अजून जुने माळवद आहे, किंवा सिमेंटची गच्चीही आहे, त्यांनी पन्हाळीखाली एखादे पिंप ठेवून पावसाचे पाणी धरावे. ते या झाडास अमृतासारखे लागते.

पानांविषयी सांगावयाचे राहिलेच. फुले वैशाखात संपली म्हणून कुंडी मागे सरकवू नये, कारण पाने हीदेखील या झाडाची शोभा आहे. ती एक-दीड फूट उंच होतात. वरच्या अंगास गडद हिरव्यावर रुपेरी करड्या छटेची नक्षी असते, मोरपिसासारखी. आणि उलटून पाहिले तर खालचे अंग वांग्याच्या रंगाचे. श्रावणात आमच्या ओसरीवर येणारा मनुष्य फुलांविषयी नव्हे, पानांविषयीच विचारतो. ही पानेच पुढच्या वर्षीची फुले कमावीत असतात. म्हणून या काळात महिन्यातून एकदा मूठभर जुने शेणखत किंवा शेणाचे पातळ पाणी द्यावे. यापेक्षा जास्त खताचा लोभ धरू नये. पाने माजतात आणि फूल येत नाही.

कीड फारशी नाही. हळदीचे पान गुंडाळून आत बसणारी हिरवट अळी याही पानांवर कधी कधी येते. गुंडाळलेले पान उलगडून ती हाताने काढावी. औषधाचे कारण नाही. गोगलगाई कोवळे कोंब खातात. खरा शत्रू एकच, कंदकूज. सांगलीकडचा हळदकरी ज्या रोगास भितो तोच हा, आणि त्यावर साचलेले पाणी टाळणे हाच उपाय.

कार्तिक संपता संपता पाने पिवळी पडू लागतात. येथे घाबरू नये. पाणी निम्मे करावे, मग आठवड्यातून एकदा द्यावे, आणि पाने आडवी झाली की बंद. पिवळी पाने ओढून काढू नयेत. त्यांतील सत्त्व खाली उतरत असते. ती आपोआप सुटली म्हणजे उचलावीत. गड्ड्याची यात्रा भरते तोपर्यंत कुंडी पूर्ण कोरडी आणि रिकामी दिसली पाहिजे. ती ओसरीच्या किंवा जिन्याच्या सावलीत ठेवावी. कंद बाहेर काढून टोपलीत ठेवण्याची रीत काही पुस्तकांत सांगितलेली असते. थंड, दमट मुलखास ती ठीक असेल. सोलापूरच्या हवेत उघडे ठेवलेले कंद दोन महिन्यांत सुपारीसारखे होतात. ते मातीतच राहू द्यावेत. घुशींचा उपद्रव असेल तर कुंडीवर जाळीचा तुकडा बांधावा.

मग चैत्र येतो. मातीस चीर दिसली की पहिले पाणी द्यावे, अर्धा तांब्या, कडेकडेने. कोंबावर ओतू नये. कधी वळवाचा पाऊस हे काम आपल्याआधी करतो. एका कोंबातून चार-सहा फुले येतात, पण एकदम नव्हे. आज एक, उद्या एखादे. प्रत्येक फूल जेमतेम एक दिवसाचे. एप्रिलात येथे पारा बेचाळीसवर गेला की ते दुपारीच मान टाकते. त्यावर मी एक युक्ती करतो. रुंद परातीत ओली वाळू पसरून तीवर विटांच्या दोन तुकड्यांवर कुंडी ठेवतो, म्हणजे बुडास पाणी लागत नाही आणि भोवती गारवा राहतो. कुंडीभोवती ओले किंतान गुंडाळतो. एवढ्याने फूल संध्याकाळपर्यंत टिकते. केसांत माळण्यास हे फूल उपयोगाचे नाही, कारण त्यास देठ म्हणून नाहीच. देवास वाहावयाचे असल्यास पहाटे खुडून वाटीतील पाण्यात ठेवावे.

विकत घेताना जपावे. भुईचाफा म्हणून मला एका ठिकाणी चंद्रमूळ देण्यात आले होते. ते याचेच भावंड, पण त्याची पाने वाटोळी असून जमिनीवर पसरतात, कंदास कापरासारखा वास येतो, आणि त्याची लहान पांढरी फुले पावसाळ्यात पानांबरोबर येतात. त्या झाडाचे गुण वेगळे आहेत. परंतु चैत्रातील चमत्कार त्यात नाही. पावसाळ्यात पाने उभी आणि त्यांची खालची बाजू जांभळी पाहूनच घ्यावे. भुईचाफ्याच्या कंदाचा लेप मुरगळण्यावर किंवा सुजेवर लावण्याची जुनी चाल आहे. पोटात घेण्याचे प्रयोग मात्र घरी कोणी करू नयेत.

तीन वर्षांनी कुंडी भरून जाते आणि फुले कमी होतात. त्या वर्षी पाने पडल्यावर, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, कुंडी उलटी करून माती झटकावी. फेब्रुवारीनंतर हे करू नये, कारण तोवर फुलाचे कोंब आत तयार होऊ लागलेले असतात. कंद सुरीने तोडताना प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा आणि तीन-चार गाठी राहतील असे पाहावे. नुसती गाठ लावली तर ती उगवत नाही; तिला डोळा नसतो. पुष्कळांची येथेच फसगत होते. कापलेल्या जागी राख चोळावी आणि तुकडे दोन दिवस सावलीत सुकू देऊन मग लावावेत.

यातले निम्मे तुकडे आपल्या घरी लावू नयेत. ते दुसऱ्या घरी द्यावेत, आणि शक्य तर दुसऱ्या पेठेत, कारण एकाच नळावरच्या दोन घरांवर संकट बहुधा एकदमच येते. मी आजवर अकरा घरी दिले आहेत. त्यांपैकी चार ठिकाणचे पाण्याने गेले, एका ठिकाणी कुंडीत मेथी लावली गेली, आणि सहा ठिकाणचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोन कुंड्या घुशींनी फस्त केल्या, तेव्हा त्या सहांपैकी एका घरून मला माझाच कंद परत मिळाला. तो पाठविणाऱ्या बाईंनी कोरड्या काथ्यात गुंडाळून वर चिठ्ठी बांधली होती: "मास्तर, पाणी घालू नका."